वरच्या फळीवरचा मन

मुद्रितशोधकांना आधीच हात जोडून सांगतो, वरचा ‘चा’ सुधारू नका. मन नपुंसकलिंगी असतं हे मला ठाऊक आहे. शाळेत त्यापायी छडी खाल्लेली आहे. पण असल्याच एका एवढ्याशा अक्षरानं, पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला असा धक्का दिला की अजून तो मला बसतोच आहे. तेव्हा हा ‘चा’ जिथं आहे तिथं राहू द्या.

मी ग्रंथपाल. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमारास पांढरकवड्याच्या अलीकडं, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या एका बाजारगावी मला ही नोकरी लागली. ग्रंथपाल म्हणजे नेमकं काय करतात, असं माहेरी कुणी विचारलं की आमची कुमुद सांगायची, “पुस्तकांवर बसतात.” ते खरंही होतं. वाचनालयाच्या एकुलत्या एका खुर्चीचा वेत तुटला होता आणि त्यावर मी जुने अंक अंथरले होते.

बाहेरच्या लोकांना वाटतं, या कामात माणूस येतो, पुस्तकाचं नाव सांगतो, आपण काढून देतो. असं क्वचितच होतं. आमच्याकडं माणूस यायचा, दारात चपला काढायचा, आत आणखी कुणी बसलंय का ते बघायचा आणि पुटपुटायचा, “पोटासाठी काई हाये का जी?” दवाखान्यात मागावं तसं लोक पुस्तक मागत. याला कारण आमच्या अध्यक्षांनी दिलेली अलमारी. अध्यक्ष म्हणजे बाजारातले मोठे अडते. सगळं गाव त्यांना शेठजी म्हणायचं. त्यांनी आरोग्य, सदाचार आणि मनःशांती यांवरच्या पुस्तकांनी भरलेली एक अख्खी अलमारी वाचनालयाला दिली होती. तिच्या कपाळावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. आतल्या कुठल्याही पुस्तकाचं नाव एवढं मोठं नव्हतं.

वर्गीकरणाचे नियम मी शिकलो होतो, पण त्या आकड्यांचा इथं कुणालाच उपयोग नव्हता. म्हणून मी ती अलमारी माणसासारखी उभी केली. सगळ्यात वरच्या फळीवर डोकं: केस, डोळे, दात, झोप. तिच्याखाली छाती: दमा, खोकला, प्राणायाम. मग पोट. तळाला गुडघे आणि टाचा. गिऱ्हाइकाला आजार विचारायचा नाही, फक्त “कोणती फळी?” असं विचारायचं. तो मान खाली घालून “खालून दुसरी” म्हणाला की पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून हातात द्यायचं. “मित्रासाठी पाहिजे” म्हणणाऱ्याला मित्राची तब्येत कशी आहे हे कधीही विचारायचं नाही. एवढी पथ्यं पाळली तर हे काम जमतं.

अडलं ते मनावरच्या पुस्तकांचं. राग कसा आवरावा, चिंता कशी सोडावी, चित्त प्रसन्न कसं ठेवावं, ही पुस्तकं ठेवायची कुठं? मी म्हणालो, वरच्या फळीवर, डोक्याशेजारी. कुमुद म्हणाली, छातीच्या फळीवर.

“मन मेंदूत असतं,” मी म्हणालो.

“तुमचं असेल. बाकीच्यांचं छातीत असते.”

किल्ली माझ्याकडं होती, म्हणून मन वरच्या फळीवर गेलं.

शिफारस करायची तर आधी आपण वाचलं पाहिजे, म्हणून ती सगळी अलमारी मी वाचून काढली. चहा हे विष आहे असं सांगणारं प्रकरण मी चहा पीत वाचलं आणि संपल्यावर धक्का ओसरावा म्हणून आणखी एक कप मागवला. प्राणायामाचं पुस्तक समोर उघडून एक नाकपुडी दाबली, तर ‘शांतता राखा’ या पाटीखाली मला अशा शिंका सुटल्या की वर्तमानपत्र वाचायला आलेले पेन्शनर उठून गेले. पण लोकांना गुण यायचा. हैदराबादकडं जाणारा एक ट्रक-ड्रायव्हर रागावरचं पुस्तक घेऊन गेला. परतीच्या खेपेला त्यानं ते दोन तुकड्यांत आणून दिलं. “अच्छी किताब है, बाबूजी,” तो म्हणाला, “गुस्सा आया तो इसी को फाड़ा. क्लीनर बच गया.” भरपाई मागायचं सुचलंच नाही.

अशा दिवसांत एकदा सखाराम मापारी आला.

मापारी म्हणजे काट्यावर उभा राहून माल तोलणारा. कापसाच्या गाड्या बाजारात येत, तिपाईला टांगलेल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात कापूस चढे, दुसऱ्यात लोखंडी वजन, आणि मापारी मोठ्यानं आकडा पुकारे. शेतकऱ्याचं वर्षभराचं राबणं त्या एका पुकाऱ्यात असायचं. सखाराम शेठजींच्या अडतीत हेच काम करायचा. भरदार खांदे, पिळदार मिशा. पण त्या दिवशी त्याचे डोळे खोल गेलेले होते.

“कोणती फळी, सखारामजी?”

“मले काय समजते जी फळीतलं! झोप येत नाई. पाठ टेकली का छाती धडधडते. डॉक्टर म्हनते, तुले काईच नाई झालं.”

“वाचता येतं?”

“मले कायचं येते! सून हाये घरी, सातवी पास. थे वाचन, मी आयकीन.”

त्यांच्या घराची रीत मला माहीत होती. सून सासऱ्यासमोर येत नसे, त्याच्याशी बोलत नसे. काही सांगायचंच झालं तर सासूकडून. पण वाचायला हरकत नव्हती: ती आत दारामागं बसून वाचणार, हा ओसरीवर बसून ऐकणार. मी वरच्या फळीवरचं एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. चिंतेनं झोप उडालेल्यांसाठी ते मला फार बरं वाटायचं. गुंडाळून दिलं आणि विसरून गेलो.

पुढं एका बाजारच्या दिवशी, सकाळी वाचनालय उघडून मी जुन्या अंकांवर बसतो न बसतो तोच सखाराम आला. खांद्यावर वर कडी असलेलं लोखंडी धूड. त्यानं ते माझ्या टेबलावर ठेवलं. टेबल करकरलं, दौत उलटली, आणि मी शाई पुसायचं सोडून त्या वस्तूकडं बघत राहिलो. मणाचं वजन होतं ते. त्यावर शेठजींच्या अडतीची खूण होती.

“बाबूजी,” सखाराम धापा टाकत म्हणाला, “तुमी लय मोठे मानूस हा. मले तोंडावर नाई बोलले. समजून-उमजून पुस्तक देल्लं.”

“मी? काय समजून?”

“आता कायले लपवता! तुमाले कोनं सांगतलं तेवढं सांगा.”

“अहो, पण काय सांगितलं?”

त्यानं दाराकडं पाहिलं, मग हात जोडून, पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, “‘आपला मन जड हाये का, तो पयले आपनच तपासा. जड मन घेऊन कोनाले झोप लागत नसते. चारचौघात त्याले उघडा करा, म्हंजे तो हलका होईन.’ असंच हाये ना पुस्तकात?”

पुस्तकात जवळपास असंच होतं. म्हणजे, ‘आपलं मन जड झालं आहे का’ वगैरे. मी त्याच्या व्याकरणाला मनातल्या मनात हसलो आणि त्याच क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्याकडं बोलण्यात ‘ण’ नसतोच. पाणी हे पानी, लोणी हे लोनी. आणि मण हा मन!

“सखारामजी,” मी म्हणालो, “हा मण... जड आहे?”

“तुमी तर असं इचारून राह्यले जसं तुमाले ठाऊकच नाई! बुडाशी शिसं ओतलं हाये. पयला गेला आन हा आला त्याच दिवशी मले खांद्यावर समजलं. रोज उचलतो मी त्याले. पन बोलू कोनाले? घर त्याच्यावर चालते. दर मनामागं कास्तकाराचा कापूस जास्ती जाते आन पुकारा मी करतो. मंग झोप कुठून येईन?”

माझ्या टेबलावर आमच्या अध्यक्षांची लबाडी बसली होती, शाईच्या डबक्यात. समोरच्या अलमारीवर त्यांचंच नाव सोनेरी अक्षरांत चमकत होतं. मला घाम फुटला. त्याच वेळी त्याला सांगून टाकता आलं असतं की बाबा रे, हे पुस्तक माणसाच्या मनाबद्दल आहे, काट्यावरच्या मणाबद्दल नाही. घेऊन जा हे धूड. तोंड उघडलंही होतं मी. पण ज्याला इतक्या दिवसांनी धीर आला त्याला काय म्हणून सांगायचं? की तुझी चूक झाली, तू पुन्हा गप्प बस?

“चाला,” सखाराम म्हणाला.

“कुठं?”

“बाजारात. पुस्तकात चारचौघात म्हनलं हाये. चार जन लागतात. तीन तिथं भेटतीन. चौथे तुमी.”

मी कसा गेलो ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या हातात टीपकागद होता आणि तो बाजारभर माझ्या हातातच होता.

बाजारात गाड्या लागलेल्या होत्या, हवेत कापसाची पिंज उडत होती. सखारामनं शेठजींच्या काट्याच्या एका पारड्यात ते वजन ठेवलं आणि शेजारच्या अडत्याकडून सरकारी ठशाचं मणाचं वजन मागून आणून दुसऱ्यात ठेवलं. गाडीवाले जमले. चौघांतला चौथा म्हणून मी जमेल तितका मागं, एका कापसाच्या गाडीआड उभा होतो.

शेठजी गादीवरून उठून आले. “सखाराम, काय तमाशा आहे?”

“मन तपासून राह्यलो जी. पुस्तकात सांगतलं तसं.”

“कोणतं पुस्तक?”

“तुमच्याच अलमारीतलं. वरच्या फळीवरचं.” आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं. “या बाबूजीनं देल्लं.”

सगळा बाजार माझ्याकडं वळला. मी टीपकागदानं कपाळ टिपलं. मग कळलं की त्यावरची शाई ओली होती.

सखारामनं काट्याच्या दांडीवरचा हात काढला. शेठजींचं पारडं सरळ खाली गेलं आणि खालीच बसलं. एक बैलसुद्धा मान हलवेना. मग जवळच्या बंजारा तांड्याचा धनसिंग नायक, दरसाल इथंच कापूस घालणारा म्हातारा, पुढं आला. त्यानं कडी धरून आधी एक वजन उचललं, मग दुसरं. “अरे याडी!” तो म्हणाला. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

शेठजी म्हणाले, “गंज चढला असेल. पावसाळ्यात लोखंडाला गंज येतो.”

“सेठ,” धनसिंग म्हणाला, “गंज दरसाल तुमच्याच बाजूनं चढते का?”

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, वजन कुणाच्या तरी डोक्यात बसेल. तसं काही झालं नाही. एकेक गाडीवाला मुकाट्यानं पुढं येई, ते वजन उचलून बघे आणि बाजूला होई. प्रत्येकजण आपापल्या मागच्या वर्षांचा कापूस उचलून बघत होता.

पुढं वजनमापाचे अधिकारी आले, बुडाचं शिसं निघालं, शेठजींनी मुनीमावर ढकललं आणि मुनीम गेला. सखारामचं काम त्याच दिवशी गेलं. तो ट्रकच्या नाक्यावर हमाली करू लागला. आमच्या समितीनं ठराव केला की आरोग्याची अलमारी तूर्त बंद ठेवावी, कारण तिच्यातल्या पुस्तकांचा वाचकांवर अनिष्ट परिणाम होत आहे. माझी नोकरी राहिली. माझ्या जागी तेवढ्या पगारात दुसरा कुणी मिळाला नसावा. “गेली असती तर?” मी कुमुदला विचारलं. ती म्हणाली, “तर सखारामसारखी झोप लागली असती. नाक्यावर बाजेवर घोरत असतात दुपारचे, येताजाता बायका हसतात.” या सगळ्यात मी शेठजींसमोर एक अक्षर बोललो नाही, याची चुटपुट आहेच. चार जणांत उभा होतो म्हणायला, पण गाडीआड.

कालांतरानं अध्यक्ष बदलले, अलमारी उघडली. किलोची नवी वजनं आली आणि मण बाजारातून उठला. गाडीवाल्यांनी हट्ट धरला की काट्यावर सखारामच पाहिजे. तो पुन्हा पुकारे करू लागला, आता किलोंत. मग एक दिवस तो निळं पुस्तक घेऊन आला. इतकी वर्षं त्यानं ते देवाजवळ ठेवलं होतं.

“वापस घ्या जी. याच्यात सारं मनाचंच लिहिलं हाये, किलोचं काई नाई. आता काय कामाचं?”

मी ते वरच्या फळीवर ठेवलं.

हा किस्सा मी घरात, नात्यात, पंगतीत किती वेळा सांगितला असेल! सखारामचा आवाज काढून, मिशा पिळून, ‘आपला मन, आपला मन’ करत. वऱ्हाडी जीभ, एक न आणि ण, आणि बघा त्यातून काय झालं! लोक पोट धरून हसायचे. पुस्तक परत आलं त्याच महिन्यात गावात एका लग्नात मी तो पुन्हा रंगवून सांगितला.

लगोलग आलेल्या गुरुवारी दुपारी वाचनालयात एक बाई आली. गुरुवारची दुपार आम्ही नव्यानंच बायकांसाठी ठेवली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी.

“मी सखाराम मापाऱ्याची सून,” ती म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. “बसा, बसा. कोणती फळी?”

“फळी मंग सांगतो. लग्नात तुमी सांगत होते ते आयकलं मी, भाऊ. बायका लय हासल्या. मी बी हासली.”

माझा चेहरा उतरला. “राग मानू नका. मामाजींची चेष्टा नव्हती ती...”

“राग नाई. पन तुमी चुकीचं सांगता.” तिनं वर बघून अलमारीकडं बोट केलं. “काढा ते पुस्तक.”

मी काढलं. तिनं न चाचपडता पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. “वाचा.”

मी वाचलं, “‘आपलं मन जड झालं आहे का, हे आधी आपणच तपासावं. जड मनानं कुणाला झोप लागत नाही. जवळच्या माणसांत ते मोकळं करावं...’”

“आन मामाजीनं तुमाले काय म्हनून दाखवलं?”

“‘आपला मन.’”

“मी सातवी पास हावो, भाऊ. ‘आपलं मन’ मले वाचता येत नसन का?”

मी खाली बसलो, अंकांवर.

“माह्या बाबाची गाडी दरसाल त्याच काट्यावर यायची,” ती म्हणाली. “बाबा म्हनत, घरून भरला कापूस रस्त्यात कमी कसा होते? सांडत जाते का? गाडीच्या दोन्ही बाजूच्या तट्ट्या सोडून पुन्हा शिवत. मायेरी गेली का मले दोरा ओवून मागत. आन इकडं मामाजीचा रात्री कधी जरासा डोळा लागला का बरळत, ‘जड हाये, जड हाये.’ मी दोन्ही घरचं आयकत होती. सांगू कोनाले? सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नसते. वाचून दाखवलेलं चालते. मंग तुमचं पुस्तक आलं. मी ‘आपलं’च्या जागी ‘आपला’ वाचलं, म्हंजे तो काट्यावरचा मन झाला. मामाजी म्हनले, पुन्हा वाच. मी पुन्हा तेच वाचलं.”

“आणि ‘चारचौघात’?” मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “इथं तर ‘जवळच्या माणसांत’ आहे.”

“ते बी माह्यंच. जवळच्या मानसात उघडलं असतं तर घरातच राह्यलं असतं.”

इतकी वर्षं मी ज्याला जिभेची चूक म्हणून लोकांना हसवत होतो, ती चूक एका दारामागं बसून, शब्द निवडून केलेली होती. आणि पुस्तकांचा माणूस म्हणवणाऱ्या मला तो एक ‘ला’ ऐकू आला होता, पण त्याला मी अडाणीपणा समजलो. मी चष्मा काढून पुसला. विचारावं की नाही कळेना, तरी विचारलं, “बाबांना सांगितलंत?”

“बाजारातून घरी गेले ते सारं समजूनच. तट्ट्या पुन्हा शिवल्या नाई त्याईनं.” ती म्हणाली, “पन बाबा कोनापाशी काई बोलले नाई. आपल्या याह्याचं नाव त्याच्यात होतं ना.”

याही म्हणजे व्याही. एकाच्या गाडीतला कापूस दुसऱ्यानं तोललेला, आणि मधे ही.

“मामाजींना कळलंय?”

“त्याईले कायले पायजे? झोप लागते ना आता.” तिनं पुस्तक मिटलं आणि पिशवीत ठेवू लागली. “हेच नेतो मी.”

“हे? हे तर परवाच परत आलं. आता कुणाला वाचून दाखवणार?”

तिनं पदर सारखा केला.

“कोनालेच नाई,” ती म्हणाली. “हे माह्यासाठी. आता जसं लिहिलं तसंच वाचीन.”